चौथा रकाना

खेळताईच्या वहीत प्रत्येक मुलापुढे चार रकाने होते: उडी, लंगडी, झेल आणि पडणं. सगळा घोळ या चौथ्या रकान्याने केला.

बालवाडीच्या मोठ्या बाईंनी वही चाळली आणि खेळताईला बोलावून घेतलं.

"तुमचा हा खेळाचा उपक्रम बारा आठवड्यांचा. सहाव्यातच मुलं दोनशे वेळा पडली? आणि हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय?"

"बाई, ती पडली नाहीत. मी पाडलं. म्हणजे, पडायला शिकवलं."

बोलता बोलता खेळताईने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. मग ती समजावत बसली. पडायची भीती गेल्याशिवाय मूल मनमोकळी उडी मारत नाही. म्हणून आधी गादीवर पडायचं, हात पुढे, हनुवटी वर, गुडघे सैल. नीट पडलं की वहीत एक रेघ.

"पालकांना काय सांगू? आम्ही मुलं पाडतो म्हणून?" मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्यापासून गाद्या माळ्यावर. त्या वेळात अक्षरं गिरवून घ्या."

खेळताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार-पाच वर्षांची पोरं दिवसभर खुर्चीला चिकटवायची, अंगणात 'पळू नये' अशी पाटी लावायची, आणि वर तक्रार करायची की हल्लीची मुलं स्वतःच्याच पायात पाय अडकून पडतात. अर्धा तास, फक्त अर्धा तास मागितला होता तिने. तोही यांना खुपला.

आणि बाहुलीचं काय? पाच वर्षांची झाली तरी आई तिला कडेवरून आणायची, म्हणून सगळे तिला बाहुली म्हणत. वर्गात दोन्ही पाय एकदम उचलून उडी न येणारी ती एकटीच उरली होती. काल तिच्या टाचा उचलल्या गेल्या होत्या, बोटं तेवढी जमीन सोडत नव्हती. आता थांबवलं तर ती पुन्हा कडेवर जाणार, हे खेळताईला स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने बाहुलीला दारातल्या पायरीवर उतरवलं. समोर खेळताई दिसली. बाहुलीने गुडघे वाकवले, दोन्ही हात मागे नेले आणि दोन्ही पायांनी उडी मारली. पोहोचली खाली, पण तोल गेला आणि फरशीवर पडली.

आई धावली. मोठ्या बाई आधी नोंदवहीकडे धावल्या, कारण अपघात लगेच लिहायचा असा तिथला नियम होता.

बाहुलीने तळहात उलटसुलट करून पाहिले. कुठे खरचटलं नव्हतं.

"ताई, बरोबर पडले ना?"

"अगदी बरोबर. हात पुढे, हनुवटी वर."

"मग गादी कुठे गेली? मला अजून मारायचीय उडी."

खेळताईने बोट वर करून माळा दाखवला.

मोठ्या बाईंनी लिहिलं, 'पायरीवरून पडली.' पुढे 'कारण' असा रकाना होता, तिथे त्यांचा हात अडखळला. खेळताईने त्यांच्या हातून पेन सरळ काढूनच घेतलं आणि लिहिलं, 'आयुष्यातली पहिली उडी मारली.'

खाली पालकाची सही लागायची. आईने ती ओळ दोनदा वाचली. सही केली. बाहुली कडेवर घे म्हणून हात वर करून उभी राहिली नव्हती, ती पुन्हा पायरी चढत होती. आईने तिला उचललं नाही.

"बाई," आई मोठ्या बाईंना म्हणाली, "माळ्याची शिडी कुठेय?"