डाव्या अंगाची भाकर

"मला अर्धी अन् त्याला पुरी? मी काय ह्या घरात पाव्हणा हाव?"

पुंजारामाचा आवाज भिंतीपलीकडून आला अन् पाठोपाठ पाण्याचा तांब्या अंगणात खणाणला. मी दावं वळत बसलो होतो, ते तसंच टाकून उठलो. आमचं घर भिंतीला भिंत अन् रान बांधाला बांध. त्यांचा तवा तापला की धूर आमच्या डोळ्यात जायचा. भांडण झालं तर मी घरात कसा बसणार?

ओसरीवर पुंजाराम बसला होता, मान उजवीकडं कललेली. समोर त्याचा धाकटा भाऊ वसंता, घास हातातच धरून. दारात पुंजारामाची बायको दुर्गा, कोपरापर्यंत पिठाचे हात. मी ताटाकडं बघितलं. उजवीकडचं अर्धं ताट चाटूनपुसून साफ. डावीकडं अर्धी भाकर, पिठल्याचा गोळा, मिरचीचा ठेचा, सगळं जागच्या जागी. मधोमध कुणी दोरी धरून वाटणी केल्यावानी.

"पुंजाराम, आरं ताटात तर भाकर हाय."

"कुठंय?"

दुर्गा पुढं झाली. तिनं ताट फिरवलं. अर्धी भाकर उजवीकडं आली. पुंजारामानं ती बघितली, मग दुर्गाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आत्ता ठिवली," तो म्हणाला. "रखमाजी आला म्हनून लाजंकाजं ठिवली. मी आंधळा न्हाई."

आंधळा तो नव्हताच, हीच तर पंचाईत होती.

शिमग्याच्या अलीकडं शहागडच्या हमरस्त्यानं तो कडब्याची गाडी घेऊन येत होता. वर बसून हाकत होता. कडब्याला बांधलेला नाडा तुटला, पेंढ्या घसरल्या, त्यांच्यासंगं पुंजाराम डांबरावर डोक्यानं आला. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात बरेच दिवस ठेवलं. आम्ही तर आशा सोडली होती. पण गडी उठला. डाव्या हातापायात थोडी कमजोरी राहिली, बाकी बोलणं-चालणं बराबर. गावानं मारुतीला नारळ फोडला. मग घरी आला अन् हे सुरू झालं.

अंबडला एका डॉक्टरला दाखवलं तेव्हा मीही संगं होतो. त्यांनी वसंताला अन् मला बाजूला घेऊन सांगितलं, "डोळे चांगले आहेत त्यांचे. पण डोक्याला उजवीकडं मार बसलाय, त्यामुळं डावीकडचं जगच त्यांच्या ध्यानात येत नाही. आपल्याला दिसत नाही, हेही त्यांना कळत नाही. राग, संशय, हेही त्यातलंच. भांडू नका. मान डावीकडं वळवायची सवय लावा."

सांगणं सोपं असतं. ज्याच्या ताटातली भाकर रोज गायब होते, त्याला तुम्ही मान वळव म्हणून बघा!

अन् पुंजाराम काही असातसा गडी नव्हता. पेरणीची तिफण धरावी तर त्यानंच. त्याचं तास म्हणजे सुतारानं दोरी मारावी असं सरळ. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाची बाभूळ दोन ओळींच्या मधून दिसायची. पेरणीत लोक त्याला बोलवायला पहाटेच दारात उभे. त्याच पुंजारामाला आता ओसरीवर बसवून वसंता रानात जायचा, दुर्गा भाकरी बांधून त्याच्या मागं. जाताना दोघांच्या पाठी त्याला दिसायच्या. पाठीच तेवढ्या.

एक दिवस गोठ्यातून आरडाओरड. "शिंग्या इकला! मह्या शिंग्याला तीर्थपुरीच्या बाजारात नेऊन इकला ह्यानं!"

मी पळालो. शिंग्या त्याच्या डाव्या अंगाला उभा. नुसता उभा न्हाई, शेपटीनं पुंजारामाच्याच पाठीवरच्या माशा हाकलत होता. वसंतानं दादाचे खांदे धरून त्याला वळवलं. पुंजारामानं बैलाच्या कपाळावर हात ठेवला, वशिंड चाचपलं, अन् बारीक आवाजात म्हणाला, "परत आनलास व्हय? गिऱ्हाईक भेटलं न्हाई वाटतं."

वसंताच्या डोळ्यात पाणी आलं. त्याचं वय ते काय, पंचविशीचं. बाप गेल्यावर ह्याच दादानं खांद्यावर बसवून वाढवलेलं.

भाकरीवरून बैलावर अन् बैलावरून बायकोवर यायला वेळ लागला न्हाई. कावीळ झालेल्याला समदं पिवळं. दुर्गा रोज सांजच्याला त्याच्या डाव्या हाताला तेल लावून चोळायची. बोट न् बोट मोकळं करायची. अन् हा मला पारावर सांगायचा, "रखमाजी, दवाखान्यातून आलो तसं बायको जवळ बसली न्हाई बघ. त्याच्यासंगं मातर दिवसभर रानात खिदळती. मी बोलतो ते ऐकू जातं न्हाई तिला. मह्या मागं कुजबूज चालती दोघांची."

मी म्हणालो, "आरं येड्या, ती तुह्या डाव्या अंगाला बसती. रोज बसती."

"तू बी त्यांच्यातलाच."

मी ते दुर्गाला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून उजवीकडं बसून, पुढं वाकून, डावा हात ओढून घेऊन चोळायला लागली. पाठ भरून यायची तिची. पण तोवर त्याच्या मनात शिरायचं ते शिरून बसलं होतं. घरातला उंदीर अन् मनातला संशय, एकदा बीळ केलं की निघत न्हाई.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला वसंताला बघायला पाव्हणे आले. पोरगी तीर्थपुरीकडची, सत्यशीला नावाची, घर चांगलं. दुर्गानं ओसरी सारवली, घोंगड्या अंथरल्या. मी आदल्या दिवशीच पुंजारामाला बजावलं होतं, "तू थोरला हाइस, दोन शब्द गोड बोल." तो बराबर बसला. पाव्हण्यांना पानसुपारी दिली. पीकपाण्याचं विचारलं. मला वाटलं, देव पावला.

पोरीचा बाप अप्पाराव हसत म्हणाला, "मंग दादा, बारक्या भावाचं करून टाकू आता. घरात दुसरी बाई आली की वैनीलाबी हातभार."

दुर्गा तेव्हा चहाच्या कपबशा घेऊन आली. पहिली बशी वसंताकडून पाव्हण्यांकडं गेली. पुंजारामाला वसंताच्या हाताला लागलेला तिचा हात तेवढा दिसला.

"त्याला बायको कशाला पायजे?" तो म्हणाला. आवाज काही चढवला न्हाई त्यानं. "महीच हाय की त्याला."

अप्पारावानं हातातली बशी खाली ठेवली, टोपी नीट केली अन् उठला. त्याच्या मागं बाकीचे. मी अंगणात आडवा गेलो, "पाव्हणं, डोक्याला मार लागलाय त्याच्या, डॉक्टरनं सांगितलंय—"

"असंल बाप्पा," अप्पाराव म्हणाला. "पर आगीबिगर धूर न्हाई निघत."

दुर्गा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पदर डोळ्याला लावला न्हाई तिनं. कपबशा गोळा केल्या, राखेनं घासल्या, पालथ्या घातल्या. मग नवऱ्यासमोर येऊन म्हणाली, "आज तुमी मला गावासमोर नागवं केलं. मी कुठं जात न्हाई. जाईन तर तुमचंच खरं ठरंल."

वसंता मात्र गेला. दिवस मावळायच्या आत दोन कपडे पिशवीत कोंबले अन् शहागडला हमरस्त्यावर एका पंक्चरच्या दुकानात राहिला. मला वाटेत भेटला तर एवढंच म्हणाला, "नाना, वैनीच्या तोंडाकडं बघवत न्हाई. मी हाव तोवर दादाला चैन पडायचं न्हाई. रानाचं तेवढं बघा."

त्या सालची बाजरी मी पेरून दिली, सरकी दुर्गानं बायका लावून टोकली. निंदण, खुरपण, पाटाचं पाणी धरणं, सगळं तिच्यावर आलं. पुंजाराम पहिले काही दिवस खूश होता. ओसरीवर पाय पसरून बसायचा. वैरी गेला म्हणून हुशारीनं मिशीवर हात फिरवायचा.

अन् मग एके दुपारी दुर्गानं मला हाक मारली. "भावजी, जल्दी इकडं या."

पुंजाराम ताटावर बसला होता. अर्धी भाकर खाऊन झालेली. घाम फुटलेला. माझ्याकडं बघून म्हणाला, "रखमाजी, वसंता कुठंय?"

"शहागडला."

"रातीबिरातीचा येतो का हिथं?"

"न्हाई रं. गेल्यापसून गावात पाय ठिवला न्हाई त्यानं."

त्यानं ताटाकडं बोट केलं. "मंग ही अर्धी कोन खातं?"

मी तोंड उघडणार तोच दुर्गानं मला हातानं थांबवलं. ती त्याच्या उजव्या बाजूला बसली. त्याचा चांगला हात मनगटाशी धरला, ताटाच्या काठावर टेकवला अन् हळूहळू काठाकाठानं फिरवत नेला. बोटं ठेच्यात बुडाली. भाकरीला लागली. त्यानं भाकर चाचपली, जसं त्या दिवशी बैलाचं वशिंड चाचपलं होतं.

"मी ठिवली का आत्ता?" दुर्गानं विचारलं. "तुमचा हात मह्या हातात व्हता. सांगा, ठिवली का?"

"न्हाई."

"मंग कव्हाची हाय?"

"पयल्यापसूनची," तो म्हणाला. अन् लहान पोरासारखा तोंडावर हात घेऊन रडला. दुर्गाबी रडली, त्या चहाच्या दिवशी राहिलेलं.

त्यानंतर त्यानं मान वळवायचा नाद घेतला. जेवताना, उठताना, दारातून निघताना उजव्या हातानं स्वतःची हनुवटी धरायचा अन् डावीकडं वळवायचा, अडकलेलं दार लोटावं तशी. गावातली पोरं हसायची. चालताना डाव्या बाजूच्या चौकटीला आपटायचा, शिव्या घालायचा, पुन्हा हनुवटी धरायचा. राग होताच. एकदा कढईच फेकली. पण फेकल्यावर उचलायलाही तोच गेला.

पोळ्याला वसंता आला न्हाई. बैलांना दुर्गानं अन् मीच न्हाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी पुंजाराम माझ्या दारात उभा. "शहागडला चल. एकला गेलो तर रस्ता वलांडताना मरंन."

एसटीतनं उतरलो. दुकान पलीकडच्या अंगाला. मी त्याचा दंड धरायला गेलो तर त्यानं झटकला. हनुवटी धरून मान वळवली, एक ट्रक जाऊ दिला, पुन्हा वळवली, मग चालायला लागला. दोन पावलं जाऊन पुन्हा वळवली. ट्रकवाले हॉर्न मारत होते, पण गडी थांबत थांबत पार झाला. वसंता एका टायरवर वाकला होता. वर बघितलं तर समोर दादा.

"घरी चल," पुंजाराम म्हणाला.

"कशाला? पुन्हा तेच ऐकायला?"

"व्हय, ऐकावं लागंल." तो बाजूला पडलेल्या दुसऱ्या टायरवर बसला. "खोटं काहून बोलू? तुमी दोघं रानात निघाला की अजून मह्या काळजात इंगळी चावती. म्या तिला दाबतो, ती जात न्हाई. मला तुह्यावर इश्वास न्हाई."

"मंग नेऊन काय करतो?"

"पर आता मला मह्यावर बी न्हाई. बैल हुबा व्हता अन् म्या इकला म्हनलो. आता हे मला मनात दिसतंय, ते खरं हाय कशावरून? इंगळी चावली की मी दुर्गाला इचारीन. ती न्हाई म्हनली की गप बसंन. लई अवघड हाय, पर बसंन. तू चल."

वसंता टायरवर हातोडी आपटत राहिला. "पाव्हण्यांच्या पुढं बोललास ते?"

"अप्पारावाच्या दारात मी सोता जातो. पाया पडतो."

हातोडी थांबली. संध्याकाळच्या एसटीत आम्ही तिघं परतलो. दुर्गानं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. वसंताकडं बघून नुसतं "लई वाळलास" म्हणाली अन् आत गेली. पुंजारामाचा चेहरा त्या दोन शब्दांनीही काळवंडला, मी बघितलं. तो तिच्या मागं आत गेला. काय विचारलं, काय न्हाई, ठाऊक न्हाई. बाहेर आला तेव्हा गप्प होता.

अप्पारावाकडं तो गेलाही. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, सोयरीक दिली न्हाई. सत्यशीलाचं दुसरीकडं जमलं होतं. जे तोंडातून गेलं ते गेलं.

हस्ताचा पाऊस बरा झाला. काळ्या रानाला वाफसा आला अन् ज्वारीच्या पेरणीची घाई उडाली. तिफण वसंतानं धरली, चाड्यात बी सोडायला दुर्गा. पुंजाराम बांधावर. दोघं एकापाठी एक चालताना, तिची बियाची मूठ अन् त्याच्या हातातलं तिफणीचं रुमणं एका लयीत जाताना बघून त्याला काय होत असंल! त्यात वाटेनं येणारा-जाणारा म्हणायचा, "वसंता बी दादावानीच निघाला बरं का." पुंजाराम गवताच्या काड्या तोडत बसायचा. मूठभर काड्यांचा ढीग झाला त्याच्यापुढं. पण उठला न्हाई, बोलला न्हाई.

आठ-दहा दिवसांनी ज्वारी वर आली. सकाळच्या पारी मी बांधावर होतो. पुंजाराम आला. या टोकाला उभा राहिला, हनुवटी धरून मान वळवली. चार पावलं पुढं सरकला, पुन्हा वळवली. असं करत करत सगळा बांध चालून आला, पेरलेलं एकबी तास बघायचं सोडलं न्हाई. मागून वसंता अन् दुर्गा खुरपी घेऊन येत होते.

अन् पुंजाराम हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. कडब्याच्या गाडीवरून पडल्यापासून ते हसणं कुणी ऐकलं नव्हतं. पाटावरच्या बायका थांबून बघायला लागल्या.

"आवं, काय झालं?" दुर्गा घाबरून पळत आली.

त्याला बोलता येईना. नुसता रानाकडं हात करत होता. आम्ही बघितलं. ओळी चांगल्या उगवल्या होत्या, पण मधेच लचकत, वळण घेत, बैल मुतत गेल्यावानी वाकड्यातिकड्या पार त्या टोकापर्यंत गेल्या होत्या.

"म्हनं दादावानी!" पुंजाराम डोळे पुसत म्हणाला. "दहा जल्म घे म्हनावं, दहा जल्म!"

वसंता खाली मान घालून ओळींकडं बघत राहिला. मग त्यालाही हसू फुटलं.

"पुढच्या पेरणीला," पुंजाराम म्हणाला, "मी तुह्या म्होरं चालंन. तू मह्या पाठीवर नजर ठिव अन् सरळ ये."

"अन् तू वाकडा गेलास तर?"

"तर ही हाय की," त्यानं दुर्गाकडं बघून म्हटलं. "हाक मारंल."