धन्यवादाच्या आधीची स्लाइड

तंत्रज्ञानाधारित पाठ फक्कड झाला, असं जो तो म्हणत होता आणि मोठीताईला मात्र घोटभर चहा गोड लागत नव्हता.

मोठीताई हे तिच्या सहाध्यायांनी ठेवलेलं नाव. शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गात सगळ्यांत वयस्कर तीच. विमा कार्यालयातली बरी चाललेली नोकरी सोडून चाळिशीच्या उंबरठ्यावर बाईंनी शिक्षिका व्हायचं मनावर घेतलं होतं. वहिनीला या वयात दप्तराचे डोहाळे लागलेत, असं नणंदेने चारचौघांत जाहीर केलं होतं. आजचा शेवटचा सराव पाठ पार पडला की नणंदेच्या तोंडाला कुलूप. नाही पडला, तर पुनर्पाठ, तोही पुढच्या सत्रात. म्हणजे नणंदेला अख्खं सत्र आंदण.

पाठ हृदयावरचा. पडद्यावर हृदय धडधडलं, निळं रक्त आत शिरलं, लाल होऊन बाहेर पडलं. प्रश्न विचारायचा अवकाश, वर्गभर हात वर. मागे बसलेल्या निरीक्षक सरांनी खूश होऊन चष्मा पुसला.

यात मोठीताईचं कर्तृत्व फारसं नव्हतं. सगळ्या तुकडीत मिळून हलतं हृदय असलेला पेनड्राइव्ह एकच. जो तो पहिल्या स्लाइडवरचं नाव बदलायचा आणि पाठ घ्यायचा. सराव शाळेत चालू प्रोजेक्टरही एकाच वर्गात. त्यामुळे त्या वर्गाने हे हृदय इतक्यांदा पाहिलं होतं, की मागे एकदा वीज गेली तेव्हा उरलेला पाठ मुलांनीच तोंडी पुरा केला. पाठ घेणाऱ्याला शेरा मिळाला, ‘विद्यार्थ्यांचा सहभाग उत्स्फूर्त’.

हेही खपून गेलं असतं. पण पाठ संपता संपता गुडघ्याला पट्टी लावलेली एक मुलगी उभी राहिली.

“बाई, मी पडले तेव्हा लाल रक्त आलं. निळं का नाही आलं?”

मोठीताईने मागे बसलेल्या सरांकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “ते पुढच्या स्लाइडवर आहे.”

“बाई, पुढची धन्यवादाची आहे,” पहिल्या बाकावरून कोणीतरी मदत केली.

वर्ग हसला, घंटा झाली, धन्यवादही झाले. मुलगी मात्र पडदा पांढरा होईपर्यंत उभीच होती.

आता शिक्षकखोलीत बसून घेतलेल्या पाठाबद्दल आत्मचिंतन लिहायचं होतं. त्यालाही एक ठरलेली चाल असते: दोष कबूल करायचा, पण अंगाला न लागणारा. पेनड्राइव्हच्या मालकाने सवयीने सुचवलंही, की वेळ थोडा कमी पडला असं लिही, सगळे तेच लिहितात. मोठीताईने तेवढं लिहिलं, खोडलं, उठून खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. पंखा घरघरत होता. तिला राहून राहून ती पट्टी दिसत होती. शेवटी तिने लिहून टाकलं, की रक्त निळं नसतं हे मला ठाऊक होतं. चित्रातला रंग फक्त ओळखीपुरता असतो एवढं एक वाक्य सांगायचं सोडून मी मुलीला टोलवलं.

सरांनी वाचलं. लेकी म्हणावं की बाई म्हणावं, हे न ठरल्यामुळे त्यांनी दोन्ही टाळलं.

“हे ठेवलं तर मला पुनर्पाठ द्यावा लागेल. खोडा, मी बघितलंच नाही असं समजतो.”

मोठीताईला डोळ्यांपुढे नणंद दिसली. पेन उचलून तिने त्या वाक्यावर टेकवलं. मग टोपण लावलं, टेबलावरचा एक खडू घेतला आणि वर्गात गेली.

“बाई, आज परत हृदय?” मुलं कण्हली.

तिने फळ्यावर काहीच काढलं नाही. सरळ सांगितलं, की रक्त कधीच निळं नसतं. शुद्ध झालेलं लालभडक, शुद्ध व्हायला निघालेलं काळपट लाल. निळा रंग चित्र काढणाऱ्यांच्या सोयीसाठी. आणि मघाशी मी उत्तर टाळलं, ते चुकलं.

पट्टीवाली मुलगी विचारात पडली. इतके जण येऊन निळंच दाखवून गेले होते.

“मग परीक्षेत कुठला रंग द्यायचा?”

“ते पुढच्या...” मोठीताईने जीभ चावली. “निळाच दे. पण बाजूला लिही, की खरं रक्त निळं नसतं.”

“त्याचे मार्क कापतील?”

“माहीत नाही,” मोठीताई म्हणाली. “माझे कापलेत.”