गोजराची शिकवणी

"आता मी सांगतो ते तुमच्यापैकी एकीलाही पटायचं नाही," असं म्हणून मी क्रोशाची सुई मांडीवर ठेवली. हात मोकळे असल्याशिवाय मला गोष्ट सांगता येत नाही. "आमच्या गोजराने साडीच्या पदरात जिताडा धरला होता."

"जिताडा म्हणजे?" हेतलने विचारलं. ती शाकाहारी. तिला सगळे मासे सारखेच.

"खाडीचा राजा. उधाणाला बांध फुटला आणि पाणी शिरलं आमच्या भातशेतात. गोजराने पदर टाकला, ओढला. डोकं आमच्या ओट्याला लागलं तरी शेपूट आपलं वाशीच्या खाडीतच."

"मग?"

"मग काय. गोजरा त्याला म्हणाली, आत्ताच सारवलंय, आधी पाय पूस, मग आत ये."

बायका हसल्या. हेतल तर टेबलावर डोकं टेकून हसली. आम्हाला शिकवणारी नमिता डोळे पुसत म्हणाली, "काका, काकूंना एकदा भेटायलाच पाहिजे." मालतीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांची सुई चालूच होती. त्या साताऱ्याकडच्या, नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी होता, तो आता नाही. माझ्या शेजारची खुर्ची त्यांची.

मी सुई उचलली आणि सुटलेला टाका शोधू लागलो.

गोजराला जाऊन दोन पावसाळे झाले होते, हे त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आमचं गाव बोनकोडे, आणि हे विरंगुळा केंद्र रस्त्यापलीकडच्या सेक्टरात. मध्ये एक रस्ता, पण गावातला माणूस तिकडे सहसा जात नाही आणि तिकडचा गावात आला तर भाड्याची खोली बघायला. गावात माझ्या बाकी सगळ्या थापा खपतात. ही खपली नसती. तिच्या तेराव्याला सगळं गाव जेवून गेलं आहे.

त्या केंद्रात मी गेलो होतो ब्लडप्रेशर मोजायला. मोजून झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठीक आहे. ठीक आहे म्हटल्यावर घरी जायचं असतं. पण घरी जाऊन काय करणार? चार मजल्यांचं घर, वरचे तिन्ही मजले भाडेकरूंचे. दिवसभर जिन्यावरून पावलं वरखाली करतात, माझ्या दाराशी कुणी थांबत नाही. म्हणून शेजारच्या खोलीत पंखा फिरताना दिसला तसा आत जाऊन दाराजवळ बसलो. तिथे बायका काहीतरी विणत होत्या.

"काका, काकूंना न्यायला आलात का?" नमिताने विचारलं.

दोन वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर उठावं लागलं असतं.

"न्यायला नाही, तिच्याऐवजी आलोय," मी म्हणालो. "तिचे गुडघे गेलेत. हे तिला फार दिवसांपासून शिकायचंय. मी इथे शिकणार आणि घरी जाऊन तिला शिकवणार."

नमिताने छातीला हात लावला. कुणीतरी "किती गोड" म्हणालं. मला एक सुई मिळाली, लाल दोऱ्याचा गुंडा मिळाला आणि मालतीबाईंच्या शेजारची खुर्ची मिळाली. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते पाच. एवढा वेळ गोजरा जिवंत असायची. गुडघे गेलेली का होईना, पण घरी माझी वाट बघत असलेली. हे खोटं फुटलं तर ती खुर्ची गेली आणि गोजरा दुसऱ्यांदा गेली, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

आता शिकण्याचं सांगतो. क्रोशाला एकच सुई लागते, टोकाला आकडा असलेली. दोरा बोटावर घ्यायचा, आकड्याने फासातून ओढायचा, झाली साखळी. ऐकायला सोपं. पण मिठागरात जन्मभर फावडं ओढलेला हात दोराही तसाच ओढतो. माझी साखळी इतकी घट्ट की पुढच्या ओळीत सुई आत शिरेना.

"काका, दोऱ्याने काही गुन्हा केलाय का?" नमिता म्हणायची. "सैल सोडा. तो कुठे पळून जात नाही."

सैल सोडला तर फास एवढाले पडायचे की त्यातून अंगठा जाईल. प्रत्येक ओळीचा शेवटचा टाका मी विसरायचो. त्यामुळे चौकोनी रुमाल म्हणून घातलेलं काम वर जाता जाता निमुळतं व्हायचं. पहिला रुमाल झाला तो थेट त्रिकोणी.

"हे काय वो, सामोसा केला का?" मालतीबाई म्हणाल्या. आठवडाभरात त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या. मग माझ्या हातातून काम घेतलं आणि दोऱ्याचं टोक ओढलं. सर्रकन सगळं उसवलं. आठवडाभराची मेहनत, पुन्हा नुसता दोरा. "ह्येचं बरं असतंय," म्हणाल्या. "चुकलं तरी दोरा वाया जात न्हाई."

साखळीनंतर मुका खांब आला. मुका खांब म्हणजे बुटका टाका, एकाला एक चिकटून बसणारा. तो मला जमला. त्याचंच मी जास्त विणत बसायचो.

घरी गेल्यावर मात्र मी खरंच शिकवायचो. खोटं बोललो होतो, पण त्यातलं अर्धं तरी खरं करावं म्हणून. जेवण आटोपलं की खाटेच्या पायथ्याशी बसायचं आणि उशीकडे बघून म्हणायचं, "हं, दोरा असा घे. करंगळीला एक वेढा." आणि गोजरा तिच्या सवयीने उत्तर द्यायची. मला ऐकू यायचं म्हणत नाही, पण ती काय म्हणाली असती ते मला पाठ आहे. "तुमाला मेलं पानी तापवता येत नाय, तुमी काय इननार? सरका, उजेड अडवताय."

मंगळवारी हे वर्गात सांगितलं की बायका पुढचं विचारायच्या. "मग? काकू अजून काय म्हणाल्या?" मी सांगत जायचो. गोजराने एका बैठकीत पलंगपोस विणला आणि दोरा संपला म्हणून समोरच्याच्या अंगातला स्वेटर उसवून पुढे नेला. गोजराला झोपेतही टाके मोजायची सवय लागली आणि वरच्या भाडेकरूला वाटलं खाली कुणी पैसे मोजतंय. हेतल तिच्यासाठी थेपले पाठवायची. ते मीच खायचो. पण फुकट खाऊन वर काही बोलू नये असं थोडंच आहे? "ती म्हणाली मीठ जरा कमी." पुढच्या खेपेला हेतलने मीठ वाढवलं. "आता काकूला विचारा ना, बरोबर झाला काय," म्हणाली. मी विचारलं. उशीला.

मुलाचा फोन यायचा. तेजस उरणजवळ द्रोणागिरीला, गोदामात सुपरवायझर. तिकडेच फ्लॅट घेतलाय, बायकोची नोकरीही तिकडेच.

"बाबा, जेवलात? काय करताय?"

"सुई चालवतोय."

"शर्ट फाटला का? सांगायचं ना."

दुसऱ्या दिवशी दोन शर्ट घरपोच आले. चांगले होते. मी घातले.

असं चाललं होतं ते संक्रांतीपर्यंत. नमिताने ठरवलं, वर्गातच हळदीकुंकू करायचं. वाण म्हणून प्रत्येकीने हाताने विणलेली छोटी बटवी द्यायची. माझीही एक होती, मुक्या खांबांची, जरा वाकडी, पण त्रिकोणी नव्हती. मी मनापासून विणत होतो, आणि नमिता म्हणाली, "काकूंचं वाण इथे नाही. आपण सगळ्या त्यांच्या घरी जाऊन देऊ. बोनकोडे म्हणजे काय, रस्ता ओलांडला की आलं. शुक्रवारी इथलं झालं की तिकडेच. काका, टेन्शन नका घेऊ, चहाही आम्हीच करू."

"हां, आपण काकूला बघायलाच पाहिजे," हेतल म्हणाली. "मी ताजा थेपला आणते."

तीन दिवस मी गोष्ट शोधत होतो. एरवी मला शोधावी लागत नाही, तोंड उघडलं की येते. या वेळी येईना. गोजराला कुठे पाठवावं? आजारी पाडावं तर बायका धावत येतील. तीर्थयात्रेला धाडावं तर गुडघे आडवे येतात. मी खाटेवर बसून उशीला विचारलं, तू जाशील कुठे? त्या रात्री शिकवणी झाली नाही.

शुक्रवारी वर्गात पोचलो तेव्हा बायका नटून आल्या होत्या. टेबलावर तिळगूळ, हळदीकुंकवाची कोयरी, बटव्यांचा ढीग.

"चला काका, इथलं उरकतो आणि निघू," नमिता म्हणाली.

"ती नाही घरी," मी म्हणालो. "उरणला गेलीय. बहिणीकडे."

"अरे देवा. कधी येणार?"

"बघू. येईल."

बायका हळहळल्या. हेतलने थेपल्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडेच बघत राहिली. नमिताने मात्र पुडी बांधली. त्यात हळदीकुंकू, तिळगूळ आणि सगळ्यांत सुबक विणलेली पिवळी बटवी घातली. "मग हे तुमच्याबरोबर देते. सवाष्णीचं वाण राहायला नको. त्या आल्या की द्या."

तिने पुडी पुढे केली. आयुष्यात मी काय काय घेतलं नाही? दुसऱ्याच्या झाडाचे आंबे घेतले, हेतलचे थेपले घेतले. पण माझा हात मांडीवरून उठेना. त्या पुडीतल्या कुंकवाला जायला जागा नव्हती.

"घ्या ना काका."

"तितं ठेव," मालतीबाई नमिताला म्हणाल्या. "हात गुतलाय त्येंचा दोऱ्यात. जाताना न्हेतील."

माझ्या हातात दोरा नव्हता. नमिताने पुडी खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि ती बायकांकडे गेली. तिकडे एकमेकींना कुंकू लावणं सुरू झालं. फोटो, हसणं, कुणाची तरी नथ पुन्हा पुन्हा पडत होती. हेतल कोयरी घेऊन आमच्या दिशेने निघाली. मालतीबाईंनी तिला हातानेच सांगितलं, तिकडंच. ती थांबली, मग तिळगूळ तेवढा देऊन गेली.

खिडकीशी आम्ही दोघंच उरलो. मालतीबाई विणत होत्या. मी बसलो होतो.

"लई दिस ऐकतीय तुमच्या गोष्टी," त्या म्हणाल्या. "एरवी तुमची थाप छताला लागती. आज निस्तं म्हनता, बहिनीकडं गेली."

"गेलीय खरंच," मी म्हणालो. "उरणला."

त्यांनी ओळ संपवली, काम उलटं केलं आणि शेवटच्या टाक्यात सुई घातली. आवाज काही हळू केला नाही. तिकडे कुणी ऐकत असेल तर ऐको, असाच होता.

"आमचं मालक दीड वरीस आंगुळीला गेलं हुतं. ग्यासवाला आला, लाइटीचा मानूस आला, की मी दारातनं सांगायची, थांबा जरा, आंगुळीला बसल्यात. मग आतला नळ सोडून यायची." त्यांनी दोरा बोटावर घेतला. "तुमच्या गोजराबाई कवा गेल्या?"