पंधराचे बारा

सकाळी नऊला वीज जाणार आणि संध्याकाळी पाचला येणार, हे आठवडाभर आधी कळलं होतं. त्यामुळे माझ्याकडे सबब अशी काहीच नाही. भाड्याचा जनरेटर मीच ठरवला, त्याची पाटी मीच वाचली आणि सासूबाईंना उत्तरही मीच दिलं.

त्यांनी आदल्या दिवशी विचारलं होतं, "पंधरा काय? केव्हीए की किलोवॅट?"

"पंधरा म्हणजे पंधरा," मी म्हणाले. चांगलं ओरडून म्हणाले. सासूबाईंनी तीस वर्षं विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगच्या दुकानात काढलीत, त्या गोंगाटात त्यांचे कान गेले. पण त्या दिवशीचं माझं ओरडणं कानांसाठी नव्हतं. हॅचरीच्या कामात त्यांनी नाक खुपसलं की माझं डोकं फिरायचं.

घरामागे लांबट खोली आहे, तिथे आमची हॅचरी. अंडी उबवायची चार मशीनं. प्रत्येकात तीन किलोवॅटचा हीटर आणि अर्ध्या किलोवॅटचा पंखा. एकूण चौदा. पंधरातून चौदा गेले, एक हाताशी उरला, असा माझा हिशोब. पहिल्या तीन मशीनांत कोवळी अंडी होती. चौथ्यात विसाव्या दिवसाची, दोन हजार. उद्या फुटणार होती. आधीच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या आणि ही तिसरीही गेली तर हॅचरी बंद, हे घरात ठरलं होतं. नवरा गाडी घेऊन परगावी गेलेला. म्हणजे घरात आम्ही दोघीच, आणि त्यातही कालच्या त्या उत्तरापासून अबोला.

नऊला वीज गेली. जनरेटरने सुरू व्हायलाच वीस मिनिटं खाल्ली. तोवर पहिली तिन्ही मशीनं गार पडली होती. मी मुख्य खटका वर केला. हीटरांनी एकदम भार घेतला, इंजिन कण्हलं, दिवे पिवळे पडले आणि सगळं बंद झालं.

चारही पंखे थांबले. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती.

पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद पडला. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. कानांनी ऐकू आलं नसणार; पायाखालची धडधड थांबलेली त्यांना बरोबर कळते. माझ्याकडे न बघता त्या जनरेटरपाशी गेल्या, पदराने पाटी पुसली आणि बोट ठेवलं.

"वाच."

"पंधरा केव्हीए."

"त्याच्याखाली?"

खाली बारीक अक्षरात पॉवर फॅक्टर ०.८ लिहिलं होतं. काल ती ओळ मी बघितली होती. काहीतरी कंपनीचं असेल म्हणून सोडून दिली होती.

"केव्हीए ही नुसती दिसायची ताकद," त्या म्हणाल्या. "खरी किती ते काढायला पॉवर फॅक्टरनं गुणायचं. पंधरा गुणिले पॉइंट आठ?"

"बारा," मी म्हणाले. त्यांना कळावं म्हणून बोटांनीही दाखवलं, आधी दहा, मग दोन.

"बाराच किलोवॅट. आणि तू लादलेस चौदा. ते बिचारं काय करणार?" मग लगेच, "एक मशीन बंद ठेव. साडेदहा किलोवॅटवर येशील. चौथं ठेव बंद, तासाभरात बाकीची तापली की त्याला देऊ."

विजेचं त्यांचं सगळं बरोबर होतं. अंड्यांचं नव्हतं. मी त्यांचा हात धरून चौथ्या मशीनपाशी ओढत नेलं आणि काचेतला थर्मामीटर दाखवला. बाकीची तीन छत्तिसाच्या खाली उतरली होती. हवं साडेसदतीस; हे साडेअडतीसवर होतं.

"वीज नाही न् हे तापतंय कसं?"

"पिलं मोठी झालीत, आई! त्यांच्याच अंगाची ऊब आहे ही!" मी त्यांच्या कानाशी ओरडले. "यांना हीटर नको, वारा हवाय! तासभर पंखा नसला तर आतल्या आत गुदमरतील!"

त्यांनी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे फक्त हीटर काढू? चौदातून तीन, अकरा. चालेल की!" आणि मग त्यांचा चेहरा पडला. हीटर आणि पंखा मशीनच्या एकाच खटक्यावर होते, आणि आमच्या जुन्या मशीनांत खटका वर केला की आत कितीही गरम असलं तरी हीटर आधी लागतोच.

मशीनचं मागचं झाकण उघडायला चार स्क्रू. तिसरा गंजलेला. मी टॉर्च धरला होता आणि सारखी वाकून पुढच्या काचेतला थर्मामीटर बघत होते, तशा त्या खेकसल्या, "उजेड एका जागी ठेव, नाहीतर जा इथून." मी टॉर्च दोन्ही हातांनी धरला आणि नुसती मान वळवून बघत राहिले. थर्मामीटर एकोणचाळीसला टेकला. आत आठ वायरी, सगळ्या धुळीने एकाच रंगाच्या. त्यांनी एकेक चिमटीत धरून मागे कुठे जाते ते बघितलं. एकोणचाळीस दोन. एकोणचाळीस चार. मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू.

"हीच," त्या म्हणाल्या. वायर सोडवली, टोकाला टेप गुंडाळली. "आता एकेक लाव. घाई केलीस तर बघ."

आधी चौथ्याचा पंखा. मग पहिलं मशीन. मग दुसरं. तिसऱ्याला इंजिनचा आवाज जड झाला, सासूबाईंनी त्याच्या अंगावर तळवा ठेवला आणि थांब म्हणून दुसरा हात वर केला. मी खटक्यावर हात ठेवून उभी. मग त्यांनी मान हलवली. जनरेटर भार ओढत होता.

दिवसभर आम्ही दोघी दोन स्टुलांवर बसून राहिलो. चौथं मशीन हळूहळू साडेसदतीसवर आलं आणि हीटरशिवाय तिथेच राहिलं. पण आत कोणी जिवंत आहे की नाही, ते थर्मामीटर सांगत नाही. गेलेली अंडीही बराच वेळ कोमट राहतात. हे मी त्यांना सांगितलं नाही.

पाचला वीज आली. ती मशीनांना जोडायच्या आधी जनरेटर बंद करावा लागतो. मी तो बंद केला. पंखे थांबले आणि सकाळचीच ती शांतता पुन्हा खोलीभर पसरली.

आणि चौथ्या मशीनमधून चिवचिव ऐकू आली. बारीक, दबलेली, पण सगळीकडून.

"ऐकलंत?" मी वळून म्हणाले. त्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना यातलं काही ऐकू येणार नव्हतं.

मी दार उघडलं, एक अंडं काढलं आणि त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी बोटं हलकेच मिटली, मोटारीला हात लावून बघतात तसे डोळे बंद केले.

"चालू आहे," त्या म्हणाल्या.