धुरपताच्या डोळ्याचं पाणी

धुरपता मासोळीच्या टोपल्यावरचं ओलं पोतं बाजूले सारे अन् तिच्या डोळ्याले धार लागे. हिंगणीच्या बाजारात साऱ्यायले ठाऊक झालतं. फागणात तिची नलू काविळीनं गेली, अकरा वर्साची पोरगी. मायचं काळीज हाये, म्हणून बाया घासाघीस न करता मासोळी घेऊन जात.

धुरपतालेही तसंच वाटे. घरी कामाधामात डोळा कोरडाच राहे. टोपल्याजवळ बसली का नलू आठवे, खवले काढत बसलेली. रडून मन हलकं होये. ती बाजाराच्या दिवसाची वाट पाहे.

त्र्याऐंशी सालचा उन्हाळा तो. बोर धरणात जाळं टाकून काई येत नव्हतं, तवा ती कारंजाच्या सडकेवरून प्रेमदास ठोकवाल्याकडचा माल आणे. ट्रकानं लांबून आलेली मासोळी, दुपार झाली तरी कडक. माशीही बसत नव्हती.

"तुही मासोळी लय साफ राह्यते," कमलाबाई म्हणे. तिची सून बाळंतीण होती, दूध उतरावं म्हणून रस्सा पाजे.

एका बाजाराले धुरपताचा भाऊ आला, हरिदास. वर्ध्याकडे डाक्टर शिकतेत, तिथं मुडदेघरात तो चवदा वर्सापासून चाकरीले. दवाईनं नाक मेलं होतं त्याचं, घरच्या फोडणीचा वास येत नव्हता. तो टोपल्यापाशी उकिडवा बसला.

"काऊन रडून राह्यली, धुरपते?"

"नलू आठवते, दादा."

"घरी बी रडतं?"

"नाई. इथंच येते रडू."

हरिदास टोपल्यावर वाकला. डोळे चुरचुरले. एक मासोळी दाबली, रबरावानी लागली. त्यानं हात मागं घेतला.

"माल झाक. याले फारमालिन मारलं हाये. मुडदा सडू नाई म्हणून आमी मारतो, तेच. नवे पोरं येतेत ना शिकाले, पहिल्या दिशी सारे असेच रडतेत."

"तुहं नाक तं मेलं म्हणतं."

"नाक मेलं. डोळे नाई."

"मी माह्या पोरीसाठी रडतो, दादा."

"मंग तिकडं लिंबाखाली बसून रड."

ती रागानंच जाऊन बसली. नलूची लाल फीत आठवली. पिवळे पडलेले डोळे आठवले. शेवटी मागितलेलं पाणी आठवलं. वाऱ्यानं गाल वाळले, नवं टिपूस आलं नाई.

तेवढ्यात कमलाबाई पितळी गंज घेऊन आली. "घाल मासोळी, सून वाट पाहून राह्यली."

"नका नेऊ. मागची पाजली काय?"

"पाजली ना. लेकरू बी मस्त पेते."

"त्यात मुडद्याची दवाई होती, बाई. मले ठाऊक नव्हतं."

कमलाबाईनं पुढं केलेला गंज मागं घेतला. मंग धुरपताच्या तोंडाकडे पाहून हळूच म्हणाली, "दर बाजारी रडतं. अन् हे सांगताना डोळ्यात टिपूस नाई तुह्या."

कमलाबाई रिकामा गंज घेऊन गेली, मंग पळालीच घराकडे.

हरिदासनं नाल्याच्या काठावर खड्डा खणला. धुरपतानं टोपलं पालथं केलं, दवाईची वाफ वर आली अन् डोळ्याले पुन्हा धार लागली. हरिदासनं फावडं उचललं.

"थांब दादा," ती खड्ड्यापाशी बसत म्हणाली. "माती नको लोटू अजून."

हरिदास फावडं टेकून उभा राह्यला.