बोरखेलचं लाकडी स्टेशन

परळीच्या गाडीला अवकाश होता. बोरखेल हॉल्टवर पंधरा-वीस माणसं ताटकळत बसली होती. अचानक वारं सुटलं, गारा कोसळायला लागल्या आणि सगळे लाकडी स्टेशनात शिरले. खिडकीत तिकिटं विकणाऱ्या दानम्मानं आधी मधल्या खांबाकडे बघितलं.

निजामाच्या राजवटीत सागवानी फळ्यांनी बांधलेलं ते स्टेशन. निजामाचं राज्य गेल्याची खबर गावाला इथं उतरलेल्या माणसानंच दिली होती. बहात्तरच्या दुष्काळात इथूनच घरंच्या घरं बाहेर पडली. दानम्माचे सासरे धोंडप्पा यांनी जन्मभर इथं तिकिटं विकली. गुडघे गेल्यावर खिडकी सुनेकडे आली. पण त्या खांबाला वाळवी लागली होती. तिनं रेल्वेच्या साहेबांना कळवलं, कुणी फिरकलं नाही. आता तोच खांब करकरत होता.

"बाहीर निघा! पुलाखाली चला! खांब हालायलाय!" ती ओरडली.

"येडी झाली का ही? गारात कावून हाकलती?" शहादेव नावाचा एकजण खेकसला.

क्षणभर तिलाही वाटलं, स्टेशन उभंच राहिलं आणि गारांनी एखाद्या लेकराचं डोकं फुटलं तर? तेवढ्यात वरून माती गळाली. तिनं लेकरांना पुढं घातलं. म्हातारी भिवराबाई बाकडं सोडेना.

"नवी नवरी हुते तवा इथंच बसले हुते. न्हाई पडत ह्ये."

दानम्मानं तिला दंडाला धरून ओढलं. शिव्या देत सगळे स्टेशनाजवळच्या रेल्वेपुलाखाली पोचले. मागं वळून बघतात तर छप्पर खाली बसलेलं.

दानम्मा एकेकाचं तोंड बघत गेली. मग तिनं विचारलं, "शहादेव कुठंय?"

तो कुणालाच दिसला नव्हता. ती तशीच गारांत पळत सुटली. फळ्यांत तोंड घालून हाका मारल्या. मग ती फळ्या उपसू लागली.

"मी हितं हाय, बाई!" रुळांपलीकडच्या बैलगाडीखालून आवाज आला.

दानम्मा चिखलात मटकन बसली आणि रडू लागली.

घरी धोंडप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "आत कोन व्हतं?"

"कुणीच न्हाई, मामा."

त्यांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "सकाळी मला तिथं घिऊन चल. येकदा बघू दे."