सावरी भरलेला लोड

मित्रांनो, ते १९८५ साल होतं. आज मी तुमच्या शाळेच्या कोपऱ्यातला एक जुना लोड आहे. जाता-येता तुमचे पाय लागतात, पण त्या साली अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता.

त्याच्या चार वर्षं आधी मला पालमच्या सगुणाबाईनं भरलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत घर जळाल्यापासून ती लोकांच्या गाद्या भरून लेकीला शिकवत होती. मी गावातल्या बड्या दिनकररावांच्या बैठकीसाठी होतो. त्यांनी दिलेला कापूस कमी पडला. मागायचा धीर होईना, म्हणून तिनं माझ्या पोटात झाडाच्या बोंडांतली मऊ, लगेच दबणारी सावरी भरली आणि वरून कापूस लावला. मी दिसायला गुबगुबीत. पण त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, दिनकररावांनी ऐटीत पाठ टेकली आणि ते मागं कलंडले. पाहुणे हसले. संध्याकाळी मी सगुणाबाईच्या दारात येऊन पडलो.

चार वर्षांनी तिची लेक सत्यशीला बी.एस्सी. झाली. शाळेत विज्ञानाची जागा निघाली. आधी वर्गावर पाठ द्यायचा होता, आणि शाळा समितीचे अध्यक्ष होते दिनकरराव. सत्यशीलानं मलाच उचललं.

“त्यांनी वळखला तर?” आई म्हणाली.

“वळखू दे.”

पाठ न्यूट्रॉन ताऱ्यावर होता. मोठा तारा विझला की त्याचा गाभा दबतो, ती सांगू लागली. परभणीहून पिंगळीला जाऊन यावं एवढ्या रुंदीत सूर्याहून जास्त वजन कोंबलं जातं. आत दाटीवाटीनं भरलेले न्यूट्रॉन एकमेकांना रेटून ते ओझं पेलतात. पण अगदी मध्यभागी दाब फार वाढला, तर तिथं हायपेरॉन नावाचे वेगळेच कण तयार होत असावेत. मग गाभा नरम पडतो, तारा आणखी आक्रसतो आणि त्याला कमी वजन पेलतं.

नरम गाभ्याचा तारा म्हणून तिनं मला मांडलं आणि माझ्याशेजारी हेडमास्तरांच्या घरचा निव्वळ कापसाचा लोड ठेवला. आठवीतल्या पंचफुलानं दोन्हींवर बसून पाहिलं. एकही लोड दबला नाही.

“बाई, दोन्ही सारखेच की.”

खिडकीबाहेर सगुणाबाईनं गज घट्ट धरले. नोकरी गेल्यातच जमा होती.

“मला वजनच न्हाई, बाई,” पंचफुला म्हणाली. “सायबांना बसवा.”

दिनकरराव उठले. दुसऱ्या लोडावर बसले, तो टिकला. माझ्यावर बसले आणि थेट जमिनीला टेकले. हसायची कुणाची छाती झाली नाही.

“हा माझ्या बैठकीतला ना?”

“हो साहेब. आईनं भरलेला.”

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. “कापूस पुरंना, तर सांगायचं न्हाई का?”

“मालक, मागायची हिंमत न्हवती,” सगुणाबाई म्हणाली.

मग त्यांनी सत्यशीलाकडे हात केला. “ओढ, बाई. माझ्यानं उठवत न्हाई.”

तिनं त्यांना हात धरून उठवलं. तेव्हा कुठं वर्ग हसला, आणि तेही.

जागा तिलाच मिळाली. गुडघे जाईपर्यंत दिनकरराव दरसाल या पाठाला येऊन माझ्यावर बसत; १९९३ला ते वारले. पुढच्या वर्षी विद्यापीठाचं नामांतर झालं, त्या आठवड्यात सगुणाबाईनं मला निळा अभ्रा शिवला. तेच तिचं शेवटचं शिवणकाम. पंचफुला गंगाखेडला नर्स झाली. पुढं दोन सूर्यांएवढे जड न्यूट्रॉन तारे सापडले. गाभा नरम असेल, तर ते टिकले कसे? हा प्रश्न फळ्यावर लिहून सत्यशीलाबाई निवृत्त झाल्या.

मित्रांनो, माझी शिवण उसवली आहे. टाका जरूर घाला. पण आतली सावरी तेवढी काढू नका.